विश्लेषण : वुहानच्या हमालांची गोष्ट सांगणारी लेखिका ‘देशद्रोही’ कशी ठरली? कोण आहेत फांग फांग?

‘वुहान डायरी’मुळे जगाला माहीत झालेल्या फांग फांग त्याआधी जवळपास चार दशके याच शहरावर लिहीत होत्या. त्यासाठी त्यांना पुरस्कार मिळाले, मानाचे पद मिळाले. मग २०२० मध्ये असे काय घडले?

२४ मार्च २०२० च्या रात्री भारतात २१ दिवसांच्या देशव्यापी लॉकडाउनची घोषणा झाली. त्याच रात्री चीनमधील वुहान शहरात ६४ वर्षांच्या एका लेखिकेने आपल्या ऑनलाइन रोजनिशीची शेवटची, म्हणजे ६० वी नोंद लिहिली. ८ एप्रिलपासून वुहानचे दरवाजे उघडणार, हे त्याच दिवशी जाहीर झाले होते. आपल्याकडे जे सुरू होत होते, ते तिकडे संपत आले होते.

या लेखिकेचे नाव फांग फांग. टाळेबंदीच्या काळात लाखो चिनी वाचक मध्यरात्रीपर्यंत जागून त्यांच्या पोस्टची वाट पाहत. पण डायरी परदेशात पुस्तकरूपाने येणार हे कळताच हवा फिरली. त्यांना देशद्रोही म्हटले गेले आणि धमक्या येऊ लागल्या. नेमके काय घडले, हे समजून घेण्यासाठी डायरीच्या बरेच मागे जावे लागते.

फांग फांग कोण आहेत?

फांग फांग हे टोपणनाव आहे. त्यांचे मूळ नाव वांग फांग. जन्म ११ मे १९५५ रोजी नानजिंगमध्ये झाला. त्या दोन वर्षांच्या असताना, १९५७ मध्ये, कुटुंब वुहानला आले. यांगत्से नदीवरचा पहिला मोठा पूल वुहानमध्ये त्याच वर्षी वाहतुकीसाठी खुला झाला.

शालेय शिक्षण संपले तेव्हा चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचा काळ होता आणि महाविद्यालयांत नेहमीच्या परीक्षेने प्रवेश मिळत नव्हता. १९७४ पासून पुढची चार वर्षे फांग फांग यांनी वुहानमध्ये हमाली केली. माल चढवणे, उतरवणे, गाडी ओढणे हे त्यांचे रोजचे काम होते. प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर १९७८ मध्ये त्यांना वुहान विद्यापीठाच्या चिनी साहित्य विभागात प्रवेश मिळाला. १९८२ मध्ये पदवी घेऊन त्या हुबेई प्रांताच्या दूरचित्रवाणी केंद्रात संपादक म्हणून रुजू झाल्या.

हमालीची ती चार वर्षे त्यांच्या पुढच्या लेखनात सतत दिसतात. त्यांच्या कथांमधील वुहान उंच इमारतींचे नाही. ते गोदीवरच्या, गोदामातल्या आणि चाळवजा वस्तीतल्या माणसांचे आहे.

वुहान नेमके कसे शहर आहे?

वुहान म्हणजे खरे तर तीन जुनी शहरे एकत्र आलेली आहेत : वुचांग, हांकौ आणि हानयांग. यांगत्से आणि हान या दोन नद्या येथे मिळतात आणि त्यांच्या काठांवर ही तीन शहरे वसली आहेत. वुचांग हे प्रशासनाचे आणि शिक्षणाचे केंद्र, हांकौ व्यापाराचे, तर हानयांग कारखान्यांचे, अशी ढोबळ विभागणी पूर्वीपासून आहे.

हांकौ बंदर १८६१ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले. पुढे तेथे ब्रिटिश, रशियन, फ्रेंच, जर्मन आणि जपानी अशा पाच परकीय वसाहती उभ्या राहिल्या. १० ऑक्टोबर १९११ रोजी वुचांगमध्येच सैनिकांचा उठाव झाला आणि त्यातून चीनची राजेशाही कोसळली.

मराठी वाचकांशी या शहराचा एक जुना धागाही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर यांचा समावेश असलेले पाच भारतीय डॉक्टरांचे पथक १९३८ मध्ये चीनला गेले, तेव्हा हांकौ हे त्यांच्या सुरुवातीच्या मुक्कामांपैकी एक होते. जपानी फौजा तेव्हा शहराच्या दिशेने येत होत्या.

थोडक्यात, वुहान हे नदी, रेल्वे आणि बाजार यांच्यावर जगणारे शहर आहे. अशा शहराला माल वाहणारे हात मोठ्या संख्येने लागतात. फांग फांग यांनी हेच हात आपल्या लेखनाचा विषय केले.

१३ चौरस मीटरमध्ये ११ माणसे

फांग फांग यांना देशभर ओळख मिळवून दिली ती ‘फेंगजिंग’ या १९८७ च्या लघुकादंबरीने. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘निसर्गदृश्य’ किंवा ‘देखावा’. नाव वाचून डोळ्यांसमोर डोंगर आणि नदी येईल. प्रत्यक्षात पुस्तकातला देखावा आहे हांकौमधील रेल्वेमार्गालगतच्या झोपडपट्टीचा.

१३ चौरस मीटरच्या लाकडी खोलीत आईवडील आणि नऊ मुले राहतात. हिशेब केला तर माणशी सव्वा चौरस मीटरही जागा येत नाही. वडील गोदी कामगार, दारू पिणारे आणि हात उगारणारे. सातव्या मुलाला झोपायला जागा मिळते ती पलंगाखाली. पुढे हाच मुलगा मोठ्या पदावर पोहोचतो. पण तिथपर्यंत जाण्यासाठी त्याने स्वतःमधले काय काय मारून टाकले, हा कादंबरीचा खरा प्रश्न आहे.

ही गोष्ट सांगतो तो जन्मानंतर १५ दिवसांतच मरण पावलेला आठवा मुलगा. वडिलांनी त्याला खिडकीखाली पुरले आहे. तेथून तो घरातल्या जिवंत माणसांकडे पाहतो. तो कोणाची बाजू घेत नाही आणि कोणाला दोषही देत नाही.

त्या काळच्या चिनी साहित्यात कामगार म्हणजे आदर्श नायक, अशी चौकट अनेक वर्षे चालत आली होती. फांग फांग यांनी तो नायक बाजूला ठेवला आणि भुकेला, चिडलेला, कधी क्रूर तर कधी हळवा होणारा माणूस उभा केला. याच सुमारास वुहानच्याच लेखिका छी ली आणि लिऊ झेनयुन यांसारखे लेखकही रोजच्या जगण्याचे असेच उघडेवाघडे चित्रण करत होते. समीक्षकांनी या प्रवाहाला ‘नववास्तववाद’ म्हटले. ‘फेंगजिंग’ला राष्ट्रीय पातळीवरील उत्कृष्ट लघुकादंबरीचा पुरस्कार मिळाला.

कावड वाहणारी बाई

२००७ मध्ये त्यांची ‘वानज्यान छुआनशिन’ ही कादंबरी आली. नावाचा शब्दशः अर्थ, काळजातून आरपार गेलेले दहा हजार बाण. लेखिकेने यात पुन्हा हमालांचे जग उभे केले, मात्र या वेळी मध्यभागी बाई आहे.

ली बाओली ही फटकळ स्वभावाची स्त्री. नव्या घरात राहायला गेल्यावर तिला नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाचा सुगावा लागतो. रागाच्या भरात ती एक पाऊल उचलते आणि संसार कोसळतो. नवरा आत्महत्या करतो. मुलगा आणि सासू यांना पोसण्यासाठी ती हांकौच्या हानझेंग रस्त्यावरील घाऊक बाजारात खांद्यावर कावड घेऊन माल वाहू लागते. या कामात बायका जवळपास नाहीतच. ती वर्षानुवर्षे राबते, पण मोठा झालेला मुलगा तिला माफ करत नाही.

या कादंबरीवर २०१२ मध्ये चित्रपट निघाला. इंग्रजीत त्याचे नाव ‘फेंग शुई’. वुहानचे रस्ते, बाजार आणि तिथली खणखणीत बोली पडद्यावर आल्यामुळे तो चांगलाच गाजला.

शहराचा इतिहासही त्यांनी सोडला नाही. २००८ च्या एका कादंबरीत त्यांनी हांकौमधील स्थानिक संगीतनाटकाच्या अभिनेत्रीचे आयुष्य सांगितले. २०११ च्या ‘वुचांग चेंग’मध्ये १९२६ चा वेढा आहे. त्या वर्षी क्रांतिकारी सेनेने वुचांगला सुमारे ४० दिवस वेढा घातला होता आणि तटबंदीच्या आत अडकलेल्या नागरिकांची उपासमार झाली होती. कादंबरीचा एक भाग वेढा घालणाऱ्यांचा, तर दुसरा आत अडकलेल्यांचा आहे. हे लिहिणारी लेखिका नऊ वर्षांनी स्वतः वुचांगमध्ये कोंडली जाईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

या सगळ्या काळात फांग फांग व्यवस्थेच्या बाहेर नव्हत्या, हे लक्षात घ्यायला हवे. २००७ ते २०१८ या काळात त्या हुबेई लेखक संघाच्या अध्यक्ष होत्या. ही सरकारी पाठबळ असलेली संस्था आहे. २०१० मध्ये त्यांना लू शुन साहित्य पुरस्कार मिळाला. हा चीनमधील सर्वांत प्रतिष्ठेच्या साहित्य पुरस्कारांपैकी एक. विशेष म्हणजे ज्या कथेसाठी तो मिळाला, तिचे नावही हानयांगमधील एका ठिकाणावरून घेतलेले आहे.

पहिली ठिणगी : ‘रुआनमाई’

अडचण सुरू झाली ती २०१६ च्या ‘रुआनमाई’ या कादंबरीपासून. शब्दाचा अर्थ ‘मऊ दफन’, म्हणजे शवपेटीशिवाय थेट मातीत पुरणे.

कादंबरीतली वृद्ध स्त्री तरुणपणी नदीत वाहून आलेली सापडली होती आणि तिला मागचे काहीच आठवत नव्हते. १९५० च्या सुमारास पूर्व सिच्वानमध्ये झालेल्या जमीन सुधारणेच्या मोहिमेत तिच्या कुटुंबाचे काय झाले, हे हळूहळू उलगडत जाते. जमीनदारांकडून जमीन काढून ती भूमिहीनांना वाटण्याची ही मोहीम चिनी कम्युनिस्ट पक्ष आपल्या मोठ्या यशांमध्ये मोजतो. त्यात झालेल्या हिंसेबद्दल उघडपणे बोलले जात नाही. फांग फांग यांचे म्हणणे होते की विसरणे हेही एक प्रकारचे ‘मऊ दफन’च आहे.

२०१७ मध्ये या कादंबरीला लू याओ साहित्य पुरस्कार मिळाला. पाठोपाठ कट्टर डाव्या गटांनी टीकेची झोड उठवली आणि पुस्तक दुकानांतून दिसेनासे झाले. म्हणजे डायरीच्या तीन वर्षे आधीच त्या वादाच्या केंद्रस्थानी होत्या.

डायरी कशी सुरू झाली?

२३ जानेवारी २०२० रोजी सकाळी १० वाजता वुहान बंद झाले. सुमारे १ कोटी १० लाख लोकसंख्येच्या शहरातून बाहेर जाणारी विमाने, रेल्वे आणि रस्ते थांबवले गेले. हा विषाणू माणसाकडून माणसाला होतो, हे अधिकृतपणे मान्य होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. त्याआधी, १८ जानेवारीला, शहरातील बायबूटिंग वस्तीत हजारो कुटुंबांचे सामूहिक भोजनही पार पडले होते.

चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी, २५ जानेवारीला, फांग फांग यांनी ‘वेइबो’ या समाजमाध्यमावर पहिली नोंद लिहिली. वुचांगमधील घरात त्या एकट्या होत्या. सोबतीला म्हातारा कुत्रा.

नोंदींचा साचा साधा होता. आधी हवामान, मग घरातली परिस्थिती, मास्क आणि भाजीपाला कसा मिळवला, शेजाऱ्यांनी काय मदत केली. त्यानंतर डॉक्टर मित्रांकडून कळलेली माहिती. कोणत्या रुग्णालयात खाटा नाहीत, कोण ओळखीचे गेले. शेवटी बहुतेक वेळा एकच प्रश्न : सुरुवातीचे दिवस कोणी वाया घालवले आणि त्याची जबाबदारी कोण घेणार?

साथीबद्दल सहकाऱ्यांना सावध करणारे आणि त्यासाठी पोलिसांकडून समज मिळालेले नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेनलियांग यांचा ७ फेब्रुवारीला मृत्यू झाला, तेव्हा चीनमध्ये संतापाची लाट उसळली. त्या दिवसांत फांग फांग यांची डायरी म्हणजे वुहानकरांच्या दुःखाची जणू नोंदवही झाली. संबंधित अधिकाऱ्यांनी राजीनामे द्यावेत, अशी थेट मागणीही त्यांनी केली. त्याच वेळी डॉक्टर, स्वयंसेवक, सफाई कामगार यांचे कौतुकही त्या सतत करत होत्या.

पोस्ट डिलीट होऊनही वाचकांपर्यंत कशी पोहोचायची?

चीनमध्ये समाजमाध्यम कंपन्यांना आपल्या मंचावरील मजकुरावर स्वतःच नजर ठेवावी लागते. काही शब्द आपोआप अडवले जातात, तर काही पोस्ट माणसे वाचून काढून टाकतात. फांग फांग यांच्या अनेक नोंदी अशाच गायब झाल्या. काही दिवस त्यांचे वेइबो खातेही बंद होते.

मग वाचकांनी आणि मित्रांनी मार्ग काढले. एका दुसऱ्या लेखिकेच्या ‘वीचॅट’ खात्यावरून नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. पोस्ट दिसताच लोक स्क्रीनशॉट काढून ठेवत, कारण चित्रातला मजकूर यंत्राला पकडणे तुलनेने अवघड असते. एक दुवा बंद पडला की दुसरा फिरू लागे. पोस्ट काढली जाण्याआधी वाचण्यासाठी लोक रात्री जागत, ते यामुळेच.

वाद कशावरून पेटला?

टीका सुरुवातीपासून होतीच. स्मशानभूमीत जमिनीवर पडलेल्या बेवारस मोबाइल फोनच्या एका छायाचित्राचे वर्णन फांग फांग यांनी फेब्रुवारीत केले होते. ते छायाचित्र डॉक्टर मित्राने पाठवल्याचे त्यांनी लिहिले, पण ते प्रसिद्ध केले नाही. घरात बसून ऐकीव माहितीवर लिहिता, असा आरोप विरोधकांनी केला. मार्चमध्ये एका शाळकरी मुलाच्या नावाने त्यांच्यावर टीका करणारे खुले पत्र फिरले आणि फांग फांग यांनी त्याला उत्तरही दिले.

खरा स्फोट झाला एप्रिलमध्ये. डायरीच्या इंग्रजी आणि जर्मन आवृत्तीची पूर्वनोंदणी ऑनलाइन दिसू लागली. तोपर्यंत अमेरिका आणि चीन यांच्यात साथीला जबाबदार कोण, यावर जुंपली होती. अशा वेळी हे पुस्तक म्हणजे चीनवर वार करण्यासाठी पाश्चात्त्यांच्या हाती दिलेले शस्त्र आहे, असा प्रचार सुरू झाला. वुहान हे साथीचे मूळ केंद्र असल्याचे सांगणारे इंग्रजी उपशीर्षक वादानंतर बदलण्यात आले. जर्मन आवृत्तीचे मुखपृष्ठही बदलले गेले.

वुहानमध्ये त्यांच्या विरोधात मोठ्या अक्षरांतले भित्तिपत्रक लागले. चिनी वाचकांसाठी याचा अर्थ वेगळा आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माणसाला समाजातून उठवण्याची सुरुवात अशाच भित्तिपत्रकांनी होत असे. अमेरिकेत राहणारे अनुवादक मायकेल बेरी यांनाही जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ते खरे तर ‘रुआनमाई’चा अनुवाद करत होते. वुहान बंद झाल्यावर ते काम बाजूला ठेवून त्यांनी डायरी हाती घेतली होती.

फांग फांग यांना जाहीर पाठिंबा देणाऱ्यांनाही किंमत मोजावी लागली. हुबेई विद्यापीठातील एका प्राध्यापिकेला पक्षातून काढण्यात आले. डायरी मुख्य भूमी चीनमध्ये पुस्तकरूपात आलीच नाही. आधी उत्सुक असलेले प्रकाशक मागे हटले.

फांग फांग यांची बाजू अशी होती की डायरी पूर्ण वाचली तर त्यात देशाची बदनामी सापडणार नाही. पुस्तकाचे उत्पन्न साथीत प्राण गमावलेल्या आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना देण्याचेही त्यांनी जाहीर केले होते.

आज काय स्थिती आहे?

२०२० च्या अखेरीस बीबीसीने जगातील १०० प्रभावशाली महिलांच्या यादीत त्यांचा समावेश केला. मायदेशात मात्र त्यांचे नवे लेखन छापणे जवळपास थांबले. २०२५ मध्ये ‘रुआनमाई’ आणि २००१ ची ‘बेनपाओ द हुओगुआंग’ या दोन कादंबऱ्या बेरी यांच्या अनुवादातून अमेरिकेत इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. दुसरी कादंबरी नवऱ्याच्या खुनासाठी मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या ग्रामीण तरुणीची आहे. आता डायरीच्या पलीकडच्या फांग फांग इंग्रजी वाचकांना भेटत आहेत.

मग बदलले काय?

फांग फांग यांच्या लेखनाची पद्धत १९८७ मध्ये होती तीच २०२० मध्ये होती. खोली किती चौरस मीटरची, ओझे किती, रुग्णालयात खाट मिळाली की नाही, कोण गेले, हे त्या जवळून पाहून किंवा जवळच्या माणसाकडून ऐकून लिहितात. ‘फेंगजिंग’मध्ये मेलेले मूल जिवंतांकडे पाहत होते, डायरीत जिवंत बाई मेलेल्यांची आठवण ठेवत होती.

बदलल्या त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे काळ. जुन्या झोपडपट्टीचे दारिद्र्य सांगितले तर ते ‘मागे पडलेले दिवस’ म्हणून मान्य होते. कालच्या रुग्णालयाबद्दल लिहिले की आज खुर्चीवर बसलेला माणूस अडचणीत येतो. दुसरी म्हणजे वाचक. घरातल्या माणसांनी वाचले तोवर ते दुःख होते, परक्यांनी वाचायला घेतले तेव्हा ती बदनामी ठरली.

१७ एप्रिल २०२० रोजी वुहान प्रशासनाने मृतांच्या संख्येत १,२९० जणांची भर घातली आणि एकूण आकडा ३,८६९ वर गेला. घरीच मरण पावलेले आणि गोंधळात नोंद राहून गेलेले लोक त्यात होते. सरकारी कागदावर ते आकड्यातली दुरुस्ती म्हणून आले. त्यातले काही जण कोण होते, कोणाचे शेजारी होते आणि रुग्णालयाच्या दारातून कसे परतले, हे कळायचे तर आजही त्या ६० नोंदींकडेच वळावे लागते.